मरळ जिवंत पोहोचली पाहिजे

शकुनमावशी तुमसरच्या शोरूममध्ये मासळीचा टब घेऊन शिरली, तेव्हा सेल्समनने आधी टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टीना, तिची भाची, पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. मायलेज आणि इंजिनाचं मी विचारीन, मावशी रंग निवडेल, असं मी ठरवून आले होते.

"मावशी, तुमच्यासाठी स्कूटी बरी. गिअरची कटकट नाही," तो म्हणाला.

मावशीने टब स्कूटीच्या सीटवर ठेवला. तो घसरला. मग पाय ठेवायच्या जागेत ठेवला. तिथे बसला, पण बाकी काहीच मावेना.

"मंग माये पाय काय बसनं येतीन?"

शेवटी लांब सीट आणि मागे लोखंडी कॅरिअर असलेल्या मोटारसायकलवर टब नीट बसला. मावशीने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि ती म्हणाली, "हे द्या." रंग तिने विचारलाच नाही. गाडी लाल निघाली.

मावशीचं गाव आंबागडजवळ. तिथल्या तलावातली मरळ ती तुमसरच्या बाजारात विकते. मरळ जिवंत असेल तरच गिऱ्हाईक थांबतं. पण पाण्याने भरलेला टब एसटीत घेत नाहीत, म्हणून तिला मासळी बर्फात न्यावी लागे. मग गिऱ्हाईक तिच्यासमोरून सरळ पुढे, स्वतःची गाडी असलेल्या विक्रेत्याच्या वळवळत्या मरळीकडे जाई. मावशीला ते फार लागायचं.

गावामागची बोडी, म्हणजे छोटं तळं, उन्हाळ्यात कोरडी पडते. तिच्या सपाट तळात आमची शिकवणी सुरू झाली. तलावात उतरताना घालते तसा कासोटा घालून मावशी गाडीवर बसली. तिचे यजमान, सुखराम मावसाजी, बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले.

मी क्लच प्लेट, घर्षण, सगळं समजावलं. "आता हळूच सोड."

गाडी उडाली आणि बंद पडली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"गाडी हाय का बेंडूक?" पाळीवरून आवाज आला.

कारण माझ्या उशिरा लक्षात आलं. मावशीचा हात जाळ्याचा. दोरीला झटका बसला की ढील द्यायची, नाहीतर जाळं फाटतं. इंजिनाने ओढ घेतली की तिचा डावा हात आपोआप ढील देई आणि क्लच एकदम सुटे.

"अवं, टब ठेव, पाणी भर," मावसाजी ओरडले. "पाह्य तं, तुयी मासळी बाजारात जाते का पाठीवर."

मावसाजींनी चिडवायला म्हटलं. मावशीने मात्र खरोखर टब भरून बांधला. पहिल्या झटक्याला तिचं अर्धं लुगडं भिजलं आणि मावसाजी हसून हसून खर्रा विसरले. पण तिचा हात आता इंजिनाचं सोडून मागच्या पाण्याचं ऐकू लागला. पाणी डुचमळलं की बोटं थांबायची. ऊन उतरेपर्यंत तिची पाठ कोरडी राहायला लागली.

लायसन्स हातात आलं, आणि बाजाराच्या सकाळी टबात मरळी सोडून वरून जाळी बांधली.

"मी मागून धराले येतो," मावसाजी म्हणाले.

"मागं टब हाय. तुमी टीनासंग बसनं या."

रस्त्याला लागायचं तर मोठ्या तलावाच्या पाळीचा चढ लागतो. मावशी नेमकी मध्यावर असताना समोरून बकऱ्या आल्या आणि तिला थांबावं लागलं. चढावर उभी गाडी, मागे पाणी आणि मासळी. मी खालून पाहत होते, सांगायला काहीच उरलं नव्हतं. इंजिनाचा आवाज वाढला, गाडी थरथरली. मावशीच्या हाताने ढील दिली नाही. गाडी सावकाश वर चढली. एका मरळीने जाळीखाली शेपूट आपटली, तेवढंच.

आम्ही बसने पोहोचलो तेव्हा मावशीभोवती गर्दी होती.

"जित्ती हाय का?" एकाने विचारलं.

"हात घालून पाह्य."

त्याने घातला आणि त्याचा सदरा भिजला. बाजूचे हसले. त्याने तीच मरळ घेतली.

दुपारपर्यंत टब रिकामा झाला. मावसाजी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आता मी कुठं बसू?"

"मागं. टब मांडीवर घ्या."

ते टब कवटाळून बसले. "हळू चालव हो."

हेल्मेटचा पट्टा बांधत मावशी म्हणाली, "पाणी भरून देऊ का त्याच्यात?"