सहा लाखांची सायकल

नव्या टायरचा वास आला की लोअर परळचं ते महागडं सायकलचं दुकान आठवतं. मी नुसता बघायला गेलो होतो, सोबत आई होती. सहा लाखांच्या सायकलीवर हात ठेवून तिने सेल्समनला विचारलं, "चालवून बघू?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जरा घुटमळला, मग हसला आणि सीट खाली करून सायकल आवारात घेऊन आला. लहानपणी गावी सायकलवरून शाळेत जाणाऱ्या आईने ओढणी कमरेला बांधली, सुरुवातीला डगमगली आणि मग अशी सुटली की वॉचमनही बघत राहिला. उतरल्यावर धापा टाकत मला म्हणाली, "हलकी आसा, पण कॅरियर नाय. मागे कोणाक बसवतलंस?" मी शेवटी कॅरियरवाली साधी सायकल घेतली. अजूनही रविवारी सकाळी आई मागे बसते आणि डिलाईल रोडभर मला "जोरात हाण" म्हणत राहते.