ऑक्टोपसची तीन हृदयं

दवाखान्यात त्याला सगळे 'ऐकलंत का' म्हणत. वॉर्डातल्या पेशंटला ऑपरेशनला न्यायचं हे त्याचं काम, आणि स्ट्रेचर हललं की याची टकळी सुरू. "ऐकलंत का, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो!" घाबरलेला माणूस म्हणायचा, "असेल बुवा." एकजण म्हणाला, "आमच्या साहेबांचंही तसंच आहे." तोवर लांबलचक बोळ संपलेला असायचा. भीती घालवायचं एवढं एकच औषध त्याच्यापाशी होतं.

आज स्ट्रेचरवर त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर अक्कानेच त्याला लहानाचं मोठं केलं. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. मागच्या खेपेला ऑपरेशन थिएटरच्या ऐन दारात तिचं ब्लडप्रेशर इतकं चढलं की तिला परत पाठवलं. आता थांबणं धोक्याचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते सगळं समजावायला बसले तेव्हा अक्काने हात झटकले, "जे काय ते माझ्या भावाला सांगा." भावाने ऐकून घेतलं आणि घरी येऊन "किरकोळ दुरुस्ती आहे" अशी थाप मारली.

बोळात शिरताच अक्काने स्ट्रेचरची दांडी घट्ट आवळली. तोंडाला येईल ते तो बोलून गेला.

"ऐकलंस का अक्का, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"इथे एक धड चालेना."

अक्का बोलली! त्याला चेव चढला. "आणि तो पोहायला लागला की त्यातलं मुख्य हृदय चक्क बंद पडतं!"

त्याने जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"बंद पडतं? मग परत सुरू होतं?"

"होतं ना."

अक्का मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. हा काही लपवताना कसा दिसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"माझंही बंद करणार आहेत का रे?"

चाकं थांबली. खरं सांगावं तर ती उठून बसायची, खोटं सांगावं तर तिला कळायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

"हो. थोडा वेळ. तोवर मशीन रक्त फिरवतं."

"आणि तुला हे माहीत होतं."

"तू घाबरशील म्हणून नाही बोललो गं."

"मेल्या, घाबरले ते तुझ्या गप्प बसण्याने! जन्मभर किड्यामुंग्यांच्या गोष्टी सांगून डोकं खाल्लंस, आणि हे आठ दिवस घरात तोंड उघडलं नाहीस. मला वाटलं, मी काही यातून उठत नाही."

त्याचे डोळे भरून आले. लाज वाटली, ती तर विचारू नका.

"रडतोस काय? ढकल आता. आणि ते मशीन कसं चालतं ते सांग. सगळं सांग."

तो सांगू लागला. शब्द अडखळत होते, पाय मुद्दाम हळू पडत होते. अक्का "मग?" "बरं, पुढे?" करत राहिली. तिची पकड हळूहळू सैल झाली.

दार आलं, तेव्हा त्याचं अर्धंच सांगून झालं होतं.