बाळंतपण म्हणजे दुखणं नव्हे

राजापेठेतल्या एका गल्लीत सकाळी भाजीबाजार भरतो. तिथे कुणाकडे जागेचा कागद नाही, पण कायदा मात्र कडक. चार दिवस जागा रिकामी दिसली की पाचव्या दिवशी तिथे दुसऱ्याची टोपली. सूट फक्त दुखण्यानं पडलेल्याला. त्याची जागा शेजाऱ्यांनी राखायची, मग महिना लागो की दोन.

शकुन तिथे सहा वर्षांपासून मेथी-पालक विकत होती. तोंडानं फटकळ, पण हातानं सढळ. शेजारी वांगीवाले नत्थुजी, गल्लीत सगळ्यांत जुने. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा दीड महिना त्यांची जागा शकुननंच राखली. एक केळीवाला तिथे गाडी लावायला आला, तर बाईनं त्याची अशी खरडपट्टी काढली की तो पुन्हा फिरकला नाही. बरे होऊन आल्यावर नत्थुजी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले होते, "पोरी, तू होती म्हणून माही जागा वाचली."

लग्नानंतर आठव्या वर्षी शकुनला दिवस गेले. सातव्या महिन्यात पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिला आणि बजावलं, वजन उचलायचं नाही, घरी पडून राहायचं. नवरा शेखर अकोल्याच्या धान्यबाजारात हमाल, आठवड्यातून एकदा घरी येणारा. तिच्या जागी कोण बसणार? जाऊ प्रतीक्षा नांदगाव पेठेला कापडाच्या कंपनीत होती, तिला मागच्या वर्षी बाळंतपणाची सहा महिने भरपगारी सुट्टी मिळालेली. ती म्हणाली, "तू बी सुट्टी टाक ना."

शकुन हसली. "कोणाकडे टाकू व? मालक मीच, नोकर मीच."

तरी तिनं नत्थुजींना विचारलंच. "भाऊ, चार महिने माही जागा राखसान काय?"

नत्थुजी वांगी पुसता पुसता थांबले. "राखली असती पोरी. पण हे काय दुखणं होय? बाळंतपण त खुशीची गोष्ट हाय. उद्या कोणी लग्नाले गेलं, त तोबी म्हणीन जागा राखा."

आजूबाजूचे हसले. मिरचीवाल्या बेबीताई म्हणाल्या, "आमी नाई काढले चार-चार? दहाव्या दिवशी बाजारात होतो."

कुणाचं ऐकून न घेणारी शकुन त्या दिवशी खाली मान घालून जुड्या रचत राहिली. माणसाचं पोट फाटलं तर दुखणं, बाईचं फाटलं तर पेढे! गल्लीचा हा न्याय कुणी लिहिला होता कोण जाणे, पण तिला तो मोडता आला नाही. घरात तिच्या भाजीवर चूल पेटत होती. ती रोज पहाटे मंडीतून जुड्यांचं गाठोडं आणत राहिली, सुजलेले पाय पोत्याखाली झाकून बसत राहिली.

आठव्या महिन्यात एका मंगळवारी गिऱ्हाइकाला पालक देताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती जुड्यांवरच कोसळली. नत्थुजींनीच ऑटो बोलावला, धावतपळत दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तीन दिवस ती काचेच्या पेटीत होती. शकुननं तिला एकदाच, काचेतूनच पाहिलं. डॉक्टरीणबाई तिला एक शब्दही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शकुनला दूध उतरलं.

पंधराव्या दिवशी ती गाठोडं घेऊन बाजारात आली. जागा गेली असणार, हे धरूनच आली होती. जागा मात्र रिकामी होती, झाडून ठेवलेली. नत्थुजी लगबगीनं उठले.

"काहून आली बाई? एवढं मोठं दुखणं झालं तुले. जाय घरी, आराम कर. दोन महिने लागो, चार लागो, तुह्या जागेले कोणी हात लावणार नाई. मी हावो ना."

बेबीताई पदरानं डोळे पुसत मान हलवत होत्या. सगळी गल्लीच मान हलवत होती.

शकुननं गाठोडं खाली ठेवलं.

"आता सुट्टी देता काय, भाऊ? घरी राहून मी पाजू कोणाले?"