निघताना विचारलेलं ‘व्हेअर’

मंडळी, सकाळपासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथे सांगून टाकतो.

बायकोच्या गाठीचा रिपोर्ट आणायला घरून निघालो होतो. चप्पल घातली आणि सहा वर्षांची नात दारात आडवी आली. “नाना, व्हेअर आर यू गोइंग?”

तिचा आयुष्यातला पहिला इंग्रजी प्रश्न! प्रश्न करायचा तर ‘आर’ उडी मारून ‘यू’च्या पुढे येतो, हे कालच मी तिला शिकवलं होतं.

आणि मी खेकसलो, “निघालेल्या माणसाला ‘कुठे’ विचारतात का? काम फिसकटतं!”

नव्वदच्या आसपास चोपड्याला पाचवीच्या पोरांना इंग्रजी शिकवायचो. हेच वाक्य अख्ख्या वर्गाकडून घोकून घ्यायचो. एकदा एक मुलगी घाबरत म्हणाली, “सर, जानारा माणूसले ‘कोठे’ इचारू नही ना?” मी हसून म्हणालो होतो, “अगं, इंग्रजीत अपशकुन होत नाही.”

रिपोर्ट चांगला आला. पेढे घेऊनच घरी परतलो. नात दारातच उभी होती. मी म्हटलं, “विचार ना गं, इंग्रजीत काहीतरी.”

तिने नकारार्थी मान हलवली. मग हळूच मराठीत विचारलं, “नाना, माझ्यामुळे आजीचं काम बिघडलं नाही ना?”

“छे गं, आजी बरी आहे!” म्हणत मी तिच्या हातावर पेढा ठेवला.

तुमच्यात कुणी मास्तर असेल तर सांगा, हिला आता पुन्हा ‘व्हेअर’ म्हणायला कोणत्या तोंडाने शिकवू?