ओट्यावरचा खिळा

महिना होऊन गेला, तरी दुपारी फोन वाजला की माझा हात आधी स्कूटरच्या किल्लीकडे जातो. त्या दिवशी मी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत होतो. भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालो, पण रिकामं बसवत नाही, म्हणून तिथल्या एका छोट्या कारखान्यात देखरेखीचं काम करतो. शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाळूभाऊ, घरी या लवकर. शालू दारापुढच्या ओट्यावर बसल्या बसल्या कलंडली. डॉक्टर येऊन पाहून गेले..." मी फोन ठेवला आणि निघालो. मरोद्याला घरापर्यंत स्कूटर कशी चालवली, ते आजही आठवत नाही.

शालू माझी धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान. बाबा भंडाऱ्याकडून प्लांटच्या नोकरीला आले, मरोद्यात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आम्ही इथलेच झालो. सहा वर्षांची असल्यापासून शालूला धाप लागायची. मी तेव्हा नुकताच सिंटर प्लांटला, म्हणजे लोहखनिज भाजायच्या विभागात, लागलो होतो. लोहखनिजाची लाल धूळ इतकी, की पाळी संपवून घरी येईपर्यंत भुवयासुद्धा लाल व्हायच्या. भिलाईत कोणी खोकलं की निदान तयारच असतं : प्लांटची धूळ! डॉक्टरांनीही दमा म्हटलं आणि पंप दिला. आईनं तर सरळ माझ्याकडेच बोट दाखवलं. "तूच घेऊन येतं हे घरात," ती म्हणाली आणि ओट्यावरच्या भिंतीत एक जाडजूड खिळा ठोकून घेतला. प्लांटचे कपडे त्या खिळ्याला लावायचे, मागच्या न्हाणीत अंघोळ करायची, मगच शालूजवळ जायचं. राखीच्या दिवशीसुद्धा ती ताट घेऊन दारात उभी राहायची आणि मी ओल्या अंगानं हात पुढे करायचो. असं पस्तीस वर्षं चाललं. आई गेली, खिळा राहिला.

लोक म्हणायचे, शालूचं लग्न धापेपायी राहिलं आणि बाळूचं शालूपायी. झूठ आहे! माझ्यासारख्या भडक डोक्याच्या माणसाला पोरगी देणार कोण? पण तिचं राहिलं ते माझ्या धुळीपायी, हे मात्र मी मनात पक्कं धरून होतो. ती रात्रंदिवस खोकायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. तिनं कधी एका शब्दानं मला दोष दिला नाही. एरवी जिभेला हाड नव्हतं बाईच्या. शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या अख्ख्या गल्लीची हजेरी घ्यायची.

ती एक्केचाळीस वर्षांची असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि ती पुन्हा पुन्हा सरकवत ऐकत राहिल्या. मग हृदयाची सोनोग्राफी झाली. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात मधोमध एक पडदा होता, त्याला एक लहानसं भोक. क्वार्टरमध्ये लोक प्लायवूड ठोकून एका खोलीच्या दोन करतात ना, तसं. फुप्फुसांतून आलेलं रक्त त्या भोकातून कसंबसं पुढे जायचं, बाकीचं मागे तुंबायचं. फार क्वचित सापडणारा दोष, असं त्या म्हणाल्या.

शालूनं एकच विचारलं, "हे धुळीनं होते काय?"

"छे, हा जन्माच्या आधीपासूनचा."

शालू माझ्याकडे वळली. "आयकलं काय, दादा? तुह्या कपड्यायचं काईच नोयतं."

मी काय केलं असेल? डॉक्टरांवरच भडकलो. इतकी वर्षं कोणाला दिसलं कसं नाही, म्हणून ओरडलो. मग बाहेर स्कूटर स्टँडवर जाऊन लहान पोरासारखा रडलो. आई हे ऐकायला नव्हती, याचंही रडू आलं.

डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, हा दोष कुत्र्यांतही असतो, त्यांच्यात बहुतेक उजवीकडे, मग पोटात पाणी भरतं. झालं! शालूला जणू नातेवाईक सापडले. "आपल्या बिरादरीचं कोनी तरी असंनच ना इथं," म्हणत ती मरोद्यातलं प्रत्येक पोट फुगलेलं कुत्रं माझ्या स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला लावायची. डॉक्टर बिचारे हात जोडायचे, "दीदी, इसको सिर्फ कीड़े हैं." बिरादरीचं एकही निघालं नाही. जंत निघालेली एक भुरी कुत्री मात्र औषध घेऊन आमच्याकडेच राहिली. तिचं नाव लाडी.

ऑपरेशन झालं, पडदा काढला. घरी आली त्याच दिवशी शालूनं खिळ्यावरचा माझा मळका शर्ट काढला, त्यात तोंड खुपसून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "पाह्य, काई होत नाई. आता कपडे घरात आनत जाय." मी हो म्हटलं, पण आणले नाहीत. कावून नाही आणले, मलाच ठाऊक नाही... पस्तीस वर्षांची सवय. पुढची नऊ वर्षं ती न थांबता बाजारापर्यंत चालत गेली. पण फुप्फुसांनी इतकी वर्षं सोसलेला दाब पुरता गेला नव्हता, ठोके मधूनच चुकायचे. शेवटी त्या चुकलेल्या ठोक्यांनीच तिला नेलं.

त्या दुपारी मी घरी पोचलो तेव्हा दारात माणसं होती आणि आत तिला खाली निजवलेलं होतं. मी ओट्यावर थांबलो. शर्ट काढला, खिळ्याला लावला आणि न्हाणीकडे गेलो. काकू मागून ओरडल्या, "अवो बाळूभाऊ, येड लागलं काय तुमाले?" मी अंघोळ केली आणि ओल्या अंगानं जाऊन तिचा हात हातात घेतला. ती असती तर म्हणाली असती, "कावून दादा, अजूनबी?"

आता मी हथखोजहून आलो की खिळ्याकडे बघत नाही. धुळीच्या कपड्यांनिशी तसाच आत जातो आणि तिच्या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसतो. लाडी येऊन माझी बाही हुंगते. घरात आता कोणालाच धाप लागत नाही.