भाच्याचा सत्कार

सुमेधला स्टेजवर मी चढवलं. दुसऱ्या कुणी नाही. तो माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा. म्हणून तर माझ्या शब्दाखातर चढला.

परळला आमची चाळ पाडून दोन इमारती उभ्या राहिल्या. पुढे टॉवर, मागे आम्ही जुने चाळकरी. पोरं एमडीच्या, त्या नशेच्या पावडरीच्या, पुड्यांना लागली तेव्हा दोन्हीकडच्यांनी मिळून नशामुक्ती समिती काढली. टॉवरमधले एक साहेब अध्यक्ष, मी सेक्रेटरी. गच्च्यांवर फेऱ्या मारायच्या, आईबापांशी बोलायचं, मुलाला दवाखान्यात न्यायचं. काम खरं होतं. सुमेध त्यातूनच सुटला.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाले, "असल्या वातावरणात वाढूनही हा मुलगा सुधारला. टाळ्या."

असल्या वातावरणात. समोर माझी बहीण माया बसली होती. तिने मान खाली घातली. सुमेध नारळाकडे बघत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच.

आता उरलेलं सांगतो. गच्चीवर मी दोघांना पुडीसकट पकडलं होतं. एक सुमेध, दुसरा साहेबांचा मुलगा. साहेबांनी माझा हात दाबला होता. "आमच्याचं नाव नको. परदेशी ॲडमिशनचं चाललंय. तुम्ही समजूतदार आहात." टॉवरमधल्या माणसाने मला समजूतदार म्हटलं. ते मला गोड लागलं.

नाक्यावरचा फ्लेक्सही मीच लावला. शाल पांघरलेला फोटो, खाली 'नशेवर मात करणारा आपला सुमेध'. कोपऱ्यात माझाही फोटो.

"मामा, तो उतरव," तो म्हणाला.

"अरे, अभिमानाची गोष्ट आहे."

"तुझ्यासाठी."

तो लालबागला औषधांच्या दुकानात काउंटरवर होता. मालकाने फ्लेक्स वाचला. "गोळ्यांच्या कपाटापाशी तुला कसा ठेवू? उद्यापासून येऊ नको." मग सुमेध घरीच पडून राहू लागला. जुने दोस्त खालून हाका मारायचे, "ए फ्लेक्स, ये ना रे खाली. आता कुणाला घाबरतोस?"

माया मला म्हणाली, "दादा, एक दिवस हा खाली जाईल. मग तूच परत पकड त्याला."

मला माझी शाळा आठवली. गिरणी बंद पडल्यावर बाप प्यायला लागला होता. गुरुजींनी मला फळ्यापाशी उभं केलं. "सांग सगळ्यांना, बाप काल कुठं पडला होता?" वर्ग हसला. मी सांगितलं. कुठल्या गटारापाशी, तेही सांगितलं. दारू वाईट, हे मुलांना कळावं म्हणून गुरुजींनी ते केलं. मीही चांगल्यासाठीच केलं होतं.

समितीची बैठक झाली. साहेब म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला आणखी एक मुलगा बघा. मागच्या बिल्डिंगमधला."

"मागच्याच का?"

"म्हणजे?"

"गच्चीवर दोघे होते, साहेब."

साहेबांनी चटकन दाराकडे पाहिलं.

मी म्हणालो, "घाबरू नका. त्याचं नाव मी घेणार नाही. सुमेधचंही घ्यायला नको होतं. फेऱ्या मी मारीन, दवाखान्यात मी नेईन. पण यापुढे कुठलाच मुलगा स्टेजवर चढणार नाही."

"तुम्हाला आम्ही समजूतदार समजत होतो."

"चुकलात."

उठलो. पानवाल्याची शिडी घेतली आणि भर दुपारी फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. लोक थांबले. सुमेधचे ते दोस्तही कठड्यावर होते. मायाला फोन केला होता. ती त्याला घेऊन खाली आली. तो लांबच उभा राहिला.

शिडीवरूनच मी मोठ्याने बोललो. "सुमेध, चूक माझी. चार मोठ्या लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून मी तुला तिथं उभं केलं."

तो फ्लेक्सकडे बघत म्हणाला, "हे दुकानात बोलशील?"

शिडी तिथेच ठेवून त्याच्याबरोबर निघालो. काउंटरवर गिऱ्हाइकं होती. मालक म्हणाला, "नंतर या."

"नाही. सगळ्यांसमोरच बोलायचंय. हा तुमच्याकडे शुद्धीत, नीट काम करत होता. त्याला बदनाम मी केलं, त्याच्या मामाने. माफी मागायला आलोय. त्याची, आणि तुमचीही. तुम्ही त्याला परत घेत नाही तोवर रोज येऊन हीच माफी मागणार."