कदम सरांची गोगलगाय

आमच्या महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला आम्ही चौघंच शिकवायचो. पण चहाला बसलो की किस्से संपायचे नाहीत. निम्मे कदम सरांचे, आणि सरांचे सगळे एकाच गोगलगायीचे.

ही गोड्या पाण्यातली, परदेशी, हरभऱ्याएवढी. गल्फहून परतून गावात फिशटँकचं दुकान काढलेल्या शकीलभाईंनी लॅबच्या टाकीसाठी पाणवनस्पती दिली, तिच्या पानांखाली हिची अंडी आली. थोड्याच दिवसांत टाकीच्या काचेतून आतलं काही दिसेना. शकीलभाई माफी मागायला आले, तर सरांनी त्यांना मिठीच मारली. पीएचडीला विषय मिळत नव्हता ना!

*

थंडीत अंडी जगतात का, हे सरांना बघायचं होतं. लॅबचा फ्रिज बंद, म्हणून अंड्यांची बशी घरच्या फ्रिजात गेली. अंडी असतात जेलीच्या पारदर्शक गोळ्यात. सुनीतावहिनींना वाटलं, साबुदाण्याची खीर उरलीय. पाहुण्यांना वाढणार, एवढ्यात सर ओरडत आले. त्यानंतर वहिनी महिनाभर त्या फ्रिजातलं दूधसुद्धा घेईनात.

बशी बाहेर काढून ओट्यावर ठेवली, आणि एका दुपारी कॉलेजच्या फोनवर वहिनींचा निरोप आला, "ह्यांना सांगा, बाळंतपण झालं. सगळी सुखरूप आहेत."

*

मग एका पावसाळ्यात सावित्री नदीच्या पुराचं पाणी लॅबमध्ये शिरलं. टाक्या फुटल्या, सरांची दोन वर्षांची मेहनत चिखलात गेली. सर एका स्टुलावर नुसते बसून राहिले. घरी जाईनात.

शकीलभाईंचं दुकान तर पार वाहून गेलं होतं. तरी ते चिखल तुडवत आले. हातात ओलं गोणपाट. त्यात गुंडाळलेली पानं उलटी करून त्यांनी सरांपुढे धरली. जेलीनं ओल धरून ठेवली होती, आत अंडी शाबूत.

शकीलभाई म्हणाले, "सर, मासा एक नाय वाचला. ही तुमची हाय बघा."

सर उठले आणि आधी फावडं घेऊन त्यांच्या दुकानातला गाळ काढायला गेले.

*

पुढे सर डॉक्टर झाले. उमरठला, त्यांच्या गावी, सत्कार ठेवला होता. आम्हीही गेलो. सरांनी भाषणात सोप्या शब्दांत सांगितलं, की ही अंडी गारठा सोसतात, थोडं सुकणंही सोसतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे बसलेली त्यांची चुलती उठली. "बाळू, ती मरत नाय कशी ते तू शिकलास. आता मारायची कशी ते सांग. आपल्या विहिरीत झालीया."

सरांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला, पँट दुमडली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरले. आम्ही सगळे काठावर. त्यांनी वाकून एक पान उलटं केलं, निरखलं आणि वर बघितलं.

"हीच," म्हणाले. चेहरा असा फुललेला, की चुलतीनं कपाळाला हात लावला.